पाळी जाण्याआधीची वर्षं: ताटाकडून काय मागावं, काय मागू नये

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी कायमची थांबते. पाश्चात्त्य देशांत हेच वय ५१च्या आसपास आहे. पाळी थांबण्याआधीची चार ते आठ वर्षं शरीरात मोठी उलथापालथ चालू असते, म्हणजे आपल्याकडच्या कित्येक जणींना ती चाळिशी ओलांडताच गाठते. मुलांची दहावी-बारावी, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, नोकरीतली वाढलेली जबाबदारी, सगळं त्याच वेळी ऐन भरात असतं. पाळी अजून येतेय, त्यामुळे रात्री दोनला मोडणारी झोप, अचानक फुटणारा घाम आणि क्षुल्लक गोष्टीवरून दाटून येणारं रडू यांचा पाळीशी काही संबंध असेल, हे तिच्या मनातही येत नाही. घरच्यांच्या तर नाहीच नाही.

या काळाला पेरिमेनोपॉज म्हणतात. सलग बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं मानायचं. त्याच्या आधीचा सगळा चढउतार पेरिमेनोपॉजमधला. अंडाशयातला बीजांचा साठा संपत आलेला असतो आणि काही महिन्यांत बीज बाहेर पडतच नाही. बीज बाहेर पडलं नाही, तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) पुरेसं तयार होत नाही. इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक मात्र सरळ रेषेत उतरत नाही. ते कधी नेहमीपेक्षा वर उसळतं, कधी एकदम कोसळतं. गर्भाशयाचं अस्तर इस्ट्रोजेनवर वाढत राहतं, त्याला आवर घालायला प्रोजेस्टेरॉन नसतं, आणि मग दोन महिने चुकलेली पाळी येते ती धो धो.

अंगातून वाफा निघाल्यासारखं का होतं, हेही आता बरंच उलगडलं आहे. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये असतं. तिथल्या काही चेतापेशींवर इस्ट्रोजेनचा वचक असतो. तो सुटला की त्या न्यूरोकायनिन-बी नावाच्या रसायनाच्या जोरावर अति काम करू लागतात. एरवी तापमानातला जो बारीक फरक शरीराने सहज सोसला असता, तेवढ्यानेच आता चेहरा-मान तापते, घाम फुटतो आणि दोन मिनिटांनी थंडी वाजते. हेच रसायन अडवणाऱ्या फेझोलिनेटंट या औषधाला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. म्हणजे वाफा येणं हा मनाचा खेळ नाही. मेंदूतल्या नेमक्या पेशींवर बोट ठेवता येतं. अमेरिकेतल्या 'स्वान' नावाच्या दीर्घकालीन अभ्यासात, ज्यांना वाफांचा वारंवार त्रास होता, त्यांच्यातल्या निम्म्या जणींत तो ७.४ वर्षांहून जास्त टिकलेला दिसला.

आता आहाराकडे वळू, आणि जे फारसं कुणी स्पष्ट सांगत नाही ते आधी सांगते. वाफा थांबवणारा असा कोणताही पदार्थ नाही. जवसाचं उदाहरण घ्या. त्यात इस्ट्रोजेनशी साधर्म्य असलेले लिग्नान असतात, म्हणून त्याच्याकडून मोठी आशा होती. पण जवस घातलेली वडी आणि तशीच दिसणारी बिनजवसाची वडी अशी रीतसर तुलना झाली, तेव्हा दोन्ही गटांत वाफा सारख्याच कमी झाल्या. सोयाबीनमुळे काहींना थोडा आराम पडतो, पण तो भरवशाचा नाही. त्यातल्या घटकाचं इक्वॉल या इस्ट्रोजेनसारखं काम करणाऱ्या द्रव्यात रूपांतर करणारे जिवाणू प्रत्येकीच्या आतड्यात नसतात, हे त्यामागचं एक कारण असावं. अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने २०२३मध्ये संप्रेरकांखेरीजच्या उपायांचा आढावा घेतला, तेव्हा सोया, वनौषधी, पूरक गोळ्या, योगासनं, यातलं काहीच वाफांवरचा उपाय म्हणून सुचवलं नाही. सुचवलं ते विशिष्ट औषधं, बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत), संमोहन, आणि वजन जास्त असेल तर ते उतरवणं. 'हार्मोन बॅलन्स'च्या नावाने दोन-दोन हजारांच्या पावडरी खपताहेत, म्हणून हे ठासून सांगायला हवं. जवसाची चटणी जरूर खा. तिच्यात तंतू आहेत, ओमेगा-३ आहे, आणि भाकरीबरोबर ती सुरेख लागते.

मग ताटाकडून मागायचं काय? हाडं, रक्त, स्नायू आणि हृदय. या चारही गोष्टींचा पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा हिशेब याच काळात ठरतो.

हाडांपासून सुरुवात करू. हाड म्हणजे कायम डागडुजी चालू असलेली जुनी भिंत. एका बाजूने खराब भाग उकरणाऱ्या पेशी, दुसऱ्या बाजूने नवं बांधकाम करणाऱ्या. उकरणाऱ्यांना आवर घालायचं काम इस्ट्रोजेन करतं. ते ओसरलं की उकरणं बांधण्याच्या पुढे जातं. 'स्वान'मध्येच दिसलं की ही घसरण शेवटच्या पाळीच्या साधारण एक वर्ष आधी वेग घेते आणि पुढची दोन वर्षं मणक्यातली घनता वर्षाला दोन-अडीच टक्क्यांनी घटते. आणि शेवटची पाळी शेवटची होती हे कळतं वर्षभराने! तेव्हा कॅल्शियमकडे लक्ष द्यायचं ते पाळी चालू असतानाच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२०मध्ये ठरवल्याप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यावर १,२००. आकडा मोठा वाटतो, पण आपल्या स्वयंपाकघरातून जमतो. नाचणीच्या ८० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांतून सुमारे २९० मिळतं. पेलाभर दुधातून २३५, मोठ्या वाटीभर दह्यातून २००, शेवग्याच्या ५० ग्रॅम पाल्याच्या भाजीतून दीडशे, आणि दोन चमचे तिळाच्या चटणीतून सव्वाशे. झाले हजार. यातलं सगळंच रक्तात उतरत नाही. तिळातलं आणि पालेभाज्यांतलं काही कॅल्शियम ऑक्झलेट या वनस्पतीतल्याच द्रव्याशी बांधलेलं असतं. पालकात तर ते इतकं असतं की कॅल्शियमसाठी पालकावर विसंबूच नये. नाचणीतल्या कॅल्शियमचा मोठा वाटा टरफलात असतो. म्हणून फडक्यातून गाळलेल्या सत्त्वापेक्षा भाकरी किंवा आंबील अधिक कामाची. किनारपट्टीवर सुकट, मोतके अशी काट्यासकट खायची बारीक मासळी आहे. त्या काट्यांमधलं कॅल्शियम चांगलं शोषलं जातं.

हे सगळं आतड्यातून आत घ्यायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते जेवणातून फारसं मिळत नाही. दुपारच्या आसपासचं ऊन हातांवर-चेहऱ्यावर पडायला हवं. ते शक्य नसेल, तर तपासणी करून डॉक्टर गोळी देतात. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा ठरावीक काळच घ्यायची असते. संपली की दुकानातून आणून वर्षभर चालू ठेवली, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

रक्ताचा प्रश्न महाराष्ट्रात तर फारच गंभीर आहे. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. त्यात पेरिमेनोपॉजमधला जास्त रक्तस्राव येऊन मिळतो. एका पाळीत ८० मिलिलिटरहून जास्त रक्त गेलं, तर तो अतिस्राव. तेवढ्या रक्ताबरोबर ३५ ते ४० मिलिग्रॅम लोह जातं. आपल्या धान्यप्रधान जेवणातलं लोह मात्र दहा टक्केही शोषलं जात नाही. ही तूट भरून काढायला साधं जेवण पुरत नाही, बहुतेकींना लोहाची गोळीच लागते. पण जे खातो त्याचा लाभ वाढवता येतो: उसळीवर लिंबू पिळा, जेवणात आवळा किंवा पेरू असू द्या, आंबट आमटी लोखंडी कढईत करा. आणि जेवणानंतर लगेच चहा नको. चहातले टॅनिन जेवणातलं निम्म्याहून अधिक लोह अडवून ठेवतात. तासभर थांबलं तरी पुष्कळ फरक पडतो.

सकाळी आठ वाजताचं एक दृश्य अनेक घरांत दिसेल. तळहातावर थायरॉइडची, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी, दुसऱ्या हातात दुधाच्या चहाचा कप, आणि डबे भरता भरता तिन्ही गोळ्या एका घोटात पोटात. पैसे आणि मेहनत दोन्ही वाया! कॅल्शियम लोहाला अडवतं, आणि दोन्ही मिळून थायरॉइडच्या औषधाला. थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि इतर दोन्हींमध्ये व तिच्यात किमान चार तास जाऊ द्यावेत. लोह दुपारच्या जेवणाआधी लिंबूपाण्याबरोबर आणि कॅल्शियम रात्री जेवताना, ही घडी बहुतेकींना जमते. कॅल्शियमही एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच घ्यावं. त्यापुढचं नीट शोषलं जात नाही.

दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील, किंवा रक्तस्राव सात दिवसांपुढे जात असेल, तर आहाराच्या भरवशावर राहू नये. सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, थायरॉइड एवढ्या तपासण्या होऊ द्याव्यात. गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक सोडणारं साधन आहे. तरीही आपल्याकडे 'पिशवी काढून टाका' हा सल्ला फार लवकर दिला जातो. बीड जिल्ह्यात राज्य सरकारने नेमलेल्या समितीने २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, आणि त्यांतल्या कित्येक ऐन तिशीतल्या होत्या. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर चार वर्षांत व्हायचा बदल एका रात्रीत होतो. अंडाशयं ठेवली तरी मेनोपॉज लवकर येण्याची शक्यता वाढते. चाळिशीच्या आत ज्यांच्यावर ही वेळ आली, त्यांना हाडांची काळजी सगळ्यात जास्त घ्यावी लागते, आणि ती घेण्याची सोय सगळ्यात कमी असते. हा अन्याय आहे, आणि तो आहारतक्त्याने मिटणारा नाही.

स्नायूंचं पाहू. या वयात स्नायू घटतात, चरबी पोटाभोवती साठते. वजनाचा काटा तोच राहूनही साडीचा परकर घट्ट होतो. कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की भारतीय स्त्रीने रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं, कारण शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरातच घातक कोलेस्टेरॉल ठळकपणे वाढतं. हृदयविकार हा पुरुषांचा आजार, हा समज इथून पुढे लागू होत नाही.

स्नायूंना प्रथिनं लागतात, किलोमागे किमान ०.८३ ग्रॅम, पन्नाशीकडे जाताना एक ग्रॅम धरलेलं बरं. साठ किलोच्या बाईला दिवसाला साठ ग्रॅम. पळीभर पातळ वरणातून ते होत नाही. घट्ट पिठल्याच्या वाटीत आठ-नऊ ग्रॅम असतात, अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात, बांगड्याच्या १०० ग्रॅममध्ये एकोणीस-वीस. सगळ्यांचं झाल्यावर उरलं ते खायची पद्धत जिथे आहे, तिथे उसळ आणि अंडं आधी संपतं आणि तिच्या वाट्याला पोळी-भात उरतो. तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढलं गेलं, तर कोणत्याही पावडरीपेक्षा जास्त प्रथिनं पोटात जातील. उपासाचंही तेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. गुरुवार, चतुर्थी, नवरात्र सगळं पाळणाऱ्यांनी राजगिरा, दही, शेंगदाण्याची आमटी आणि दूध यांवर भर दिला, तर व्रतही होईल आणि स्नायूही राहतील.

नुसतं चालून हाड फारसं वाढत नाही, त्याला भार लागतो. ऑस्ट्रेलियात हाडं कमकुवत झालेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांकडून आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली जड वजनं उचलून घेतली. आठ महिन्यांनी त्यांच्या मणक्यातली घनता २.९ टक्के वाढली होती. हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटात ती १.२ टक्के घटली होती. त्या स्त्रियांचं सरासरी वय ६५ होतं, तेव्हा पंचेचाळिशीत 'आता काय वजनं उचलायची' म्हणण्यात अर्थ नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर काढणं, इथून सुरुवात करावी आणि शिकवणाऱ्याच्या नजरेखाली भार वाढवत न्यावा. शेतात दिवसभर ओझी वाहणाऱ्या बाईला हा सल्ला देऊ नये. तिला हवं आहे पोटभर प्रथिनयुक्त जेवण आणि आराम.

झोपेसाठी दुपारी तीननंतर चहा-कॉफी टाळावी. कॅफिनचा निम्मा भाग पाच तासांनीही रक्तात असतो. याउपर त्रास सोसवेना, तर संप्रेरकोपचाराबद्दल डॉक्टरांना थेट विचारावं. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीनंतर त्याची जगभर धास्ती बसली, पण त्या चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी स्त्रीला त्रास असेल, तर बहुतेक वेळा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा यकृताचा आजार होऊन गेला असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा इतर औषधं आहेत.

गर्भनिरोधन मात्र पाळी पूर्ण थांबेपर्यंत चालू ठेवावं. बीज क्वचित बाहेर पडत असलं, तरी पडतं. आणि बारा महिने पाळी नसताना नंतर रक्ताचा डाग जरी दिसला, तरी 'परत आली वाटतं' म्हणून सोडून देऊ नये. अशा शंभर जणींपैकी साधारण नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असल्याचं निघतं, आणि तो या टप्प्यावर सापडला तर बहुधा शस्त्रक्रियेने बरा होतो.