रबरी टायर आणि वीज
पावसाळी ब्रेव्हेच्या (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीच्या) आधी 'सायकलचे टायर रबराचे असल्याने स्वाराला विजेचा धोका नसतो' असे हमखास सांगितले जाते. ते चुकीचे आहे. काही किलोमीटर हवा भेदून जमिनीवर येणाऱ्या विजेला टायरच्या काही मिलिमीटर रबराचा, तोही चिखलपाण्याने निथळत असताना, अडथळा तो कसला? बंद मोटारीत माणूस वाचतो तो चाकांमुळे नव्हे, तर वीज पत्र्याच्या बाहेरून जमिनीत उतरते म्हणून. सायकलस्वाराभोवती असा पत्रा नसतो, उलट उघड्या माळावर बहुधा तोच सर्वांत उंच ठरतो. गडगडाट ऐकू येताच झाडाखाली न थांबता पक्की इमारत गाठावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे तिथेच राहावे. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. तेवढी उसंत त्यात सहसा बसते.