परसातील क्रीडांगण

घराच्या मागच्या किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत कुटुंबाच्या वापरासाठी बांधलेले कायमस्वरूपी कोर्ट. अमेरिकेच्या उपनगरांत त्याचा प्रसार मोठा आहे. बास्केटबॉल, टेनिस, पिकलबॉल (कडक बॅटीने भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू टोलवण्याचा खेळ), बॅडमिंटन व व्हॉलीबॉल हे तेथील नेहमीचे खेळ. जागा एकच असल्याने निरनिराळ्या रंगांच्या रेषा आखून एकाच कोर्टात दोन-तीन खेळ बसवतात.

श्रीमंती हौस म्हणून या कोर्टांकडे पाहिले जाते आणि ते बरेचसे खरेही आहे. मात्र आज जगभर खेळले जाणारे काही खेळ अशाच खासगी जागांत, बहुतेकदा जागेच्या अडचणीतून घडले. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन भागात ऑगुरिओ परेरा हा स्पॅनिश व्यापारी आणि त्याचा वकील मित्र हॅरी जेम हे १८६० च्या सुमारास परेराच्या घरच्या, क्रोके या लाकडी हातोड्यांनी चेंडू टोलवण्याच्या खेळासाठी राखलेल्या हिरवळीवर रॅकेटने खेळू लागले. लॉन टेनिसच्या उगमस्थानांत ही हिरवळ मोजली जाते. न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेल येथे १९२८ साली जेम्स कॉग्सवेल व फेसेंडेन ब्लँचर्ड यांनी हिवाळ्यातही खेळता यावे म्हणून कॉग्सवेलच्या आवारात लाकडी फलाट उभारला. चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून भोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकली. पुढे जाळीवर आदळून परतलेला चेंडू मारण्याची मुभा नियमांतच आली आणि प्लॅटफॉर्म टेनिस तयार झाला. मेक्सिकोतील आकापुल्को येथे एन्रिके कोर्क्वेराच्या घरी टेनिसला पुरेल एवढी जागा नव्हती. त्याने १९६९ मध्ये लहान कोर्टाला भिंती घातल्या. भिंतीवरून परतलेला चेंडूही खेळता येणाऱ्या आजच्या पॅडेल या खेळाचे २० × १० मीटरचे बंदिस्त कोर्ट हा त्याचाच वारसा आहे.

पिकलबॉलच्या उगमाशी महाराष्ट्राचाही दूरचा संबंध पोचतो. वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड या लोकप्रतिनिधीच्या घरी जुने बॅडमिंटन कोर्ट होते. १९६५ च्या उन्हाळ्यात बॅडमिंटनचे पुरेसे सामान सापडेना, म्हणून त्याने व बिल बेल यांनी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन घरच्यांना खेळायला लावले. नंतर बार्नी मॅकलम त्यांना येऊन मिळाला. नेट हळूहळू ३६ इंचांवर उतरले; कोर्टाचे ४४ × २० फूट हे माप मात्र बॅडमिंटनच्या दुहेरीचेच राहिले. पिकलबॉलचे पहिले कायमस्वरूपी कोर्ट १९६७ मध्ये प्रिचर्डचा शेजारी बॉब ओब्रायन याच्या परसात झाले. ज्या बॅडमिंटनचे कोर्ट असे कामी आले, तो खेळ ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांत एकेकाळी ‘पूना’ याच नावाने ओळखला जात असे. पुढे पिकलबॉल भारतात आणण्यात मुंबईच्या सुनील वालावलकरांनी पुढाकार घेतला.

जागेचा हिशोब आपल्या गुंठ्यांत केला की आवाका ध्यानात येतो. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. बास्केटबॉलचे ३० × ३० फुटांचे घरगुती अर्धे कोर्ट गुंठ्याच्या आत बसते. धावायला सोडायच्या जागेसह पिकलबॉलला ३० × ६० फूट, म्हणजे दीड गुंठ्याहून थोडे जास्त लागते. टेनिसला ६० × १२० फूट, म्हणजे साडेसहा गुंठ्यांहून अधिक. खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळ-संध्याकाळचे ऊन येऊ नये म्हणून लांबी शक्यतो दक्षिणोत्तर ठेवतात.

बांधकामात पैसा जमिनीखाली जातो आणि तिथेच जायला हवा. रंग, रेषा, झगमगीत जाळी यांवर हात सैल सोडून पायाच्या बांधकामात काटकसर केलेले कोर्ट लवकरच तडकते. अमेरिकेत खणण्यापूर्वी ८११ क्रमांकावर कळवून गॅस, वीज व पाण्याच्या भूमिगत वाहिन्यांच्या खुणा करून घ्याव्या लागतात. मग गवत व वरची माती काढून खडी पसरून दाबतात आणि त्यावर साधारण चार इंच जाडीचा काँक्रीटचा थर ओततात. त्यात सळया घालतात किंवा ताणलेल्या पोलादी तारा. बास्केटच्या खांबाचे बोल्ट ओल्या काँक्रीटमध्येच बसवून घ्यावे लागतात. कड्याची उंची दहा फूट. पृष्ठभागाला दर दहा फुटांना सुमारे एक इंच असा एकाच दिशेने उतार देतात, तो उभ्या माणसाला जाणवतही नाही. ॲक्रिलिक रंग देण्यापूर्वी काँक्रीट साधारण महिनाभर मुरू देतात. उतार नीट आहे का, याची कसोटी साधी आहे: कोर्ट पाण्याने भिजवायचे, तासाभराने यायचे आणि जिथे तळे उरले असेल तिथे नाणे ठेवायचे. नाणे बुडाले, तर तेवढा भाग भरून घ्यायचा.

रंगाऐवजी एकमेकांत अडकणाऱ्या, पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या जाळीदार फरश्याही टाकतात. १९७४ साली सुरू झालेल्या ‘स्पोर्ट कोर्ट’ या कंपनीमुळे त्या घरोघरी पोचल्या. पाणी खाली निघून जाते, गुडघ्यांना धक्का कमी बसतो, एखादी तुटली तर तेवढीच बदलता येते. मात्र उन्हाने त्या पसरतात. म्हणून कडेला मोकळी फट हवी. ती ठेवली नाही तर भर दुपारी कोर्टाच्या मधोमध फुगवटा येतो.

परवानगीचे नियम गावागणिक वेगळे असतात. कुंपणापासूनचे अंतर, प्लॉटचा किती भाग पाणी न मुरणारा असावा याची मर्यादा, दिव्यांची उंची आणि घरमालक संघाची संमती हे नेहमीचे मुद्दे. खरी कुरबुर आवाजाची. पिकलबॉलच्या कडक बॅटीवर प्लॅस्टिकचा चेंडू टणटणत राहतो. त्यावरून अमेरिकेत शेजाऱ्यांचे वाद न्यायालयापर्यंत गेले आहेत.

महाराष्ट्रात बंगल्याच्या आवारात किंवा फार्महाउसवर कोर्ट बांधताना अडचणी वेगळ्या. बर्फाने जमीन उचलली जाण्याची अमेरिकी चिंता इथे नाही, पण काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. ती पुरेशी खोल काढून मुरूम भरल्याशिवाय काँक्रीट टिकत नाही. कोकणात जांभ्याची घट्ट जमीन मिळाली तर पाया सोपा, परंतु पावसाळ्यात सावलीतल्या भागावर शेवाळ धरते आणि पाय घसरतो. उघड्यावरच्या बॅडमिंटनचा शत्रू वारा. फूल कुठेही जाते. म्हणूनच मोकळ्या आवारात बॅडमिंटनपेक्षा पिकलबॉल किंवा बास्केटबॉलच्या रेषा आखणे शहाणपणाचे.