कल्पित नावं वाचायची कशी?

इंग्रजी पाटीवर 'सीताबुल्डी' लिहिलेलं असलं तरी नागपूरकर बर्डीच म्हणतो, कारण ते नाव त्याच्या कानावर आधीपासून असतं. अद्भुत कादंबरीतलं नाव मात्र कुणीच ऐकलेलं नसतं. समोर नुसती रोमन अक्षरं. ती इंग्रजीच्या सवयीने वाचली की नाव बिघडतं.

म्हणून आधी पुस्तकाची परिशिष्टं चाळावीत. टॉल्कीनने 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या १९५५ सालच्या तिसऱ्या खंडात उच्चाराचे नियम सविस्तर दिले आहेत. त्यातल्या एल्फ या कल्पित वंशाच्या भाषांमध्ये 'सी' म्हणजे कायम 'क'. म्हणून सेलेबॉर्न नव्हे, केलेबॉर्न. 'एयू' म्हणजे 'आउ', म्हणून साउरॉन. 'र' कुठेही गिळायचा नाही, आणि ते आपल्याला जमतंच.

खरी अडचण आघाताची. नावाचे एकेका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे पाडा. दोन तुकड्यांच्या नावात जोर पहिल्यावर. मोठ्या नावात शेवटून दुसरा तुकडा तपासा: तो गुरू असेल तर जोर त्याच्यावर, लघू असेल तर एक घर मागे. दीर्घ स्वर, जोडस्वर किंवा स्वरापुढे दोन व्यंजनं आली की तुकडा गुरू. वृत्तं शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. इ-सिल्-दुर: जोर 'सिल्'वर. 'डेनेथॉर'मध्ये लोक दोनदा फसतात. रोमनमधली 'टी' आणि 'एच' ही दोन व्यंजनं वाटतात, पण ध्वनी एकच आहे. शिवाय मराठी वृत्तात 'ने' गुरू. इथला 'ए' मात्र ऱ्हस्व. दीर्घ असता तर रोमन अक्षरावर तिरकी रेघ दिसली असती. तेव्हा जोर 'डे'वर.

नाव देवनागरीत उतरवताना वेगळा घोटाळा होतो. 'माझी'तला 'झ' आणि नागपूरच्या अंबाझरीतला 'झ' लिहायला सारखे, बोलायला निराळे. 'ज' आणि 'च' यांचंही तसंच, म्हणून नव्या नावात अक्षराखाली टिंब, म्हणजे नुक्ता द्यावा: ज़. 'गलमर' असं काही लिहिलंत तर वाचणारा 'करवत'च्या चालीवर 'गल्मर्' म्हणणार. तीन तुकडे हवे असतील तर ग-ल-मर असं तोडून दाखवा.

नावात मधेच आलेल्या वरच्या स्वल्पविरामाला सर्वत्र लागू असा अर्थ नाही. 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगॉन या कल्पित भाषेत मात्र तो खराखुरा ध्वनी आहे: खोकण्याआधी घसा बंद होतो तसा क्षणभर बंद करायचा. ही भाषा रचणाऱ्या मार्क ओक्रँड यांच्या १९८५च्या कोशातला 'डी' जीभ मागे वळवून टाळूला लावायचा आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला तो मुद्दाम शिकावा लागतो. मराठी माणसाने सरळ 'ड' म्हणावं.