कुंपणावरचा सरडा आणि झुडपातला शॅमेलिऑन

‘सरडा रंग बदलतो’ म्हणताना अनेकांच्या डोळ्यांपुढे असतो शॅमेलिऑन, आणि नाव घेतलं जातं बागेतल्या साध्या सरड्याचं. रंग दोघेही बदलतात, म्हणून गल्लत होते. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ या म्हणीतला सरडा मात्र नक्की बागेतलाच. शॅमेलिऑन धावतच नाही.

सरडा सडपातळ आणि खरखरीत, पाठीवर काटेरी तुरा, अंगापेक्षा कितीतरी लांब शेपूट. चाहूल लागली की सुर्रकन पसार. शॅमेलिऑन, ज्याला काही भागांत घोयरा सरडा म्हणतात, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा असतो. शेपटी गुंडाळलेली, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा. पायाची बोटं दोन आणि तीन अशी जुळून चिमटा झालेली, त्यानेच तो फांदी धरतो. एक डोळा पुढे बघतो तेव्हा दुसरा मागे फिरत असतो. पाऊल उचलतो, जागीच पुढे-मागे झुलतो, मग टेकवतो. वाऱ्यावर पान हलावं तसा.

आता रंगाचं. गार सकाळी सरडा काळपट असतो, कारण गडद अंग ऊन लवकर शोषतं. ऊन चढलं की तोच फिकट होतो. खरी रंगत विणीच्या हंगामात. एकदा मे महिन्यात कुंपणाच्या खांबावर एक नर जोर काढताना पाहिला. डोक्यापासून खांद्यांपर्यंत लालभडक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळे डाग. शेजारच्या खांबावर दुसरा आला, तोही तसाच लाल. थोडी झटापट झाली. जो हरला तो खाली उतरेपर्यंत मातकट तपकिरी झाला होता. सरडा रक्त पितो ही समजूत या लाल गळ्यावरूनच रुजली असावी. खरं तर त्याचं खाणं म्हणजे किडे-मुंग्या.

शॅमेलिऑनची करामत वेगळी. 2015 मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवरचं काम प्रसिद्ध केलं. त्याच्या कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने रचलेले असतात. नर शांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परावर्तित करतात. वर पिवळ्या रंगद्रव्याचा थर, म्हणून आपल्याला हिरवं दिसतं. प्रतिस्पर्धी समोर आला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि हिरव्याचा पिवळा, नारिंगी होतो. नवा रंग तयार होत नाही, प्रकाश वेगळा परततो. मला तर हे कुठल्याही जादूपेक्षा मोठं वाटतं.

लाल कापडावर ठेवला की शॅमेलिऑन लाल होतो, हे मात्र खोटं. हिरव्या-तपकिरी अंगामुळे तो पानांत लपतो हे खरं, पण झगमगीत रंग येतात ते राग, भीती, मीलनाची ओढ दाखवायला. रंग बदलणाऱ्या माणसाला आपण सरडा म्हणतो. पण तो माणूस मनातलं झाकतो, आणि सरडा व शॅमेलिऑन मनातलं अंगावर आणतात.

भारतात शॅमेलिऑनची एकच जात सापडते आणि ती महाराष्ट्रातही आहे. मादीला अंडी घालायला जमिनीवर उतरावंच लागतं. रस्ता ओलांडताना ती इतकी सावकाश चालते की गाडीखाली येते, किंवा विषारी समजून कुणीतरी दगड घालतो. ती विषारी नाही. अशी दिसली तर तिच्यापुढे एक काटकी धरा. ती फुसफुसेल, काळी पडेल, मग एकेक पाय पुढे टाकत काटकी घट्ट पकडेल. ज्या बाजूला निघाली होती, त्या बाजूच्या झुडपाला ती काटकी टेकवा.