मोल्सवर्थ (आडनाव)

गावाच्या नावावरून पडलेलं इंग्लिश आडनाव. आपल्याकडे ते मराठी-इंग्रजी डिक्शनरीमुळे (१८३१, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७) इतकं ओळखीचं आहे की 'मोल्सवर्थमध्ये बघ' म्हटलं की माणूस नाही, पुस्तकच डोळ्यासमोर येतं.

मूळ गाव जुन्या हंटिंग्डनशर परगण्यातलं, १९७४ पासून केंब्रिजशरमध्ये धरतात. १०८६ च्या डूम्सडे बुकात (इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीनपाहणीच्या वहीत) ते 'मोलेसवर्डे' असं नोंदलंय. नावाचे तीन तुकडे पडतात. शेवटचा 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली जागा, आपण वाडी म्हणू तसं काहीतरी, वँड्सवर्थमध्ये तोच आहे. मधला 'एस' हा षष्ठीचा प्रत्यय, आपल्या चा-ची-चे सारखा. घोळ आहे तो पहिल्या तुकड्याचा. जमीन पोखरणारा मोल नावाचा प्राणी यात आहे असं सहज वाटतं, पण तो शब्द इंग्रजी लिखाणात बराच नंतर, साधारण चौदाव्या शतकात दिसायला लागतो आणि गावाचं नाव तर त्याआधी दोनशेहून जास्त वर्षं कागदावर आलेलं, त्यामुळे हे पटत नाही. स्थलनामांचे अभ्यासक 'मूल' हे माणसाचं नाव धरतात, म्हणजे मूलची वाडी, आणि तेच जास्त बरोबर वाटतं. (मराठीतल्या मूलशी संबंध नाही.) जुन्या इंग्रजीत मूल म्हणजे खेचर, त्यावरून मिश्र वंशाच्या माणसाला पडलेलं टोपणनाव असावं. असं नाव खरंच ठेवायचे का, तर हो, केंटचा एक राजाच मूल होता, ६८७ मध्ये त्याला बारा साथीदारांसकट जाळून मारलं अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. अर्थात गाववाला मूल वेगळा, त्याचं नाव तेवढं उरलं.

गावाचं आडनाव झालं ते 'द मोल्सवर्थ' असं, 'द' (de) म्हणजे 'चा', आपल्या 'कर'सारखंच. तेराव्या शतकाच्या अखेरीस सर वॉल्टर द मोल्सवर्थ भेटतो, बेडफर्ड आणि बकिंगहॅम परगण्यांचा शेरीफ, म्हणजे राजाचा अंमलदार. तो पहिल्या एडवर्डबरोबर धर्मयुद्धाला गेला असं सरदार घराण्यांच्या वंशावळीत लिहितात, पण अशा वंशावळीतल्या पराक्रमाच्या गोष्टी जपूनच घ्याव्यात, शेरीफपद जास्त भरवशाचं.

पुढे दोन शाखा नावारूपाला आल्या. कॉर्नवॉलमधल्या पेंकॅरोच्या शाखेला १६८९ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला, हॉब्ज या तत्त्ववेत्त्याचे समग्र ग्रंथ छापून काढणारा सर विल्यम (१८१०-५५) तिथलाच. दुसरी आयर्लंडची, डब्लिनला जन्मलेला रॉबर्ट (१६५६-१७२५) १७१६ मध्ये व्हायकाउंट (सरदारकीची एक पायरी) झाला.

इंग्रजीत उच्चार 'मोल्झवर्थ' असा होतो, मराठीत मात्र लिहिल्याबरहुकूम 'स'च राहिला.