१०२२ मधून १३ वजा करा

ताण आल्यावर माणसाच्या शरीरात काय होतं हे अभ्यासायचं, तर आधी त्याला ताण द्यावा लागतो. तोही प्रयोगशाळेत, सगळ्यांना सारखाच आणि कुणाला इजा न करता. १९९३ साली जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात किर्शबाउम, पिर्के आणि हेलहॅमर या तिघांनी त्यासाठी एक पद्धत बसवली. ती आजही जगभर वापरतात. तिच्यात सुई नाही, शॉक नाही. नोकरीची मुलाखत आहे.

तयारीला थोडा वेळ मिळतो. मग अनोळखी परीक्षकांसमोर उभं राहून पाच मिनिटं 'या नोकरीला मीच कसा लायक' हे सांगायचं. परीक्षकांना सक्त ताकीद असते, हसायचं नाही आणि मानही डोलवायची नाही. पुढची पाच मिनिटं तोंडी हिशेब. १०२२ मधून १३ वजा करत जा: १००९, ९९६, ९८३... चुकलात की पुन्हा १०२२ पासून. एवढ्यानं लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दुप्पट ते चौपट होतं. पुढं २००४ साली डिकरसन आणि केमेनी यांनी अशा २०८ प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले. कॉर्टिसॉल सगळ्यात जास्त कधी चढतं? कुणीतरी आपल्याला जोखतंय आणि निकाल आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की.

आता बेळगावात अनगोळ किंवा वडगावच्या एखाद्या घराची माडी डोळ्यांपुढं आणा. व्हीटीयूची, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची, इंजिनिअरिंगची पदवी घेऊन वर्ष झालेलं. पुण्याच्या कंपनीचा टेक्निकल राउंड लॅपटॉपवर चालू आहे. लाईट गेली तर म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवलाय, खाली आईनं कुकर लावायचा थांबवलाय, आजोबांच्या टीव्हीचा आवाज बंद आहे. म्हणजे एक मुलाखत चालू असली तरी अख्खं घर ती देतंय. पडद्यावर कोरा एडिटर, कोपऱ्यात समोरच्याचा बंद कॅमेरा, आणि सूचना अशी की विचार मोठ्यानं बोलत कोड लिहा. काल रात्री दहा मिनिटांत सुटलेला लिंक्ड लिस्टचा (एकमेकांना जोडलेल्या नोंदींच्या यादीचा) प्रश्न आज सुटत नाही. दोन दिवसांनी मेल येतो, 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू'. आणि पोरगा स्वतःबद्दल एक निष्कर्ष काढून मोकळा होतो: मला येतच नाही.

हा निष्कर्ष कितपत खरा, हे तपासून पाहिलेलं आहे. २०२० साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी कॉम्प्युटर सायन्सचे ४८ विद्यार्थी घेतले. फळ्यावर सोडवायचा प्रश्न सारखाच. काहींनी तो नेहमीच्या मुलाखतीसारखा, परीक्षकासमोर मोठ्यानं बोलत सोडवायचा. बाकीच्यांनी बंद खोलीत एकट्यानं. कुणीतरी पाहत असताना कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. समोर परीक्षक असलेल्या गटातली एकही मुलगी पास झाली नाही, आणि एकटीनं सोडवणाऱ्या सगळ्या मुली पास झाल्या. मुलींची संख्या थोडी होती, त्यामुळं या शेवटच्या निकालावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण त्या चाचणीत कोडिंगपेक्षा भलतंच काहीतरी मोजलं जात होतं, हे नाकारणं अवघड आहे.

यामागचं कारण कपाळाच्या मागच्या मेंदूत आहे. तिथल्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सकडं कार्यस्मृतीचं काम असतं, म्हणजे हातातल्या प्रश्नाचे तुकडे तात्पुरते धरून ठेवायचं. ही जागा लहान ओट्यासारखी आहे. एका वेळी तीन-चार भांडी मावतात, पाचवं ठेवलं की एक खाली पडतं. पॉइंटर, म्हणजे यादीतली जागा दाखवणारी खूण, कुठं आहे, पुढचा कुठं जाणार, शेवटची अट काय, यातच ओटा भरतो. त्यात 'हा गप्प का बसलाय', 'मागच्या वेळीही इथंच अडकलो होतो' या विचारांनाही तीच जागा लागते. शिवाय तीव्र ताणात नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन यांचं प्रमाण इतकं वाढतं की त्या भागातल्या पेशींची जोडणीच काही वेळ ढिली पडते. येल विद्यापीठाच्या एमी आर्न्स्टन यांनी हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून वर्षानुवर्षं दाखवलंय. आपल्याकडच्या मुलांच्या ओट्यावर आणखी एक भांडं असतं. घरी मराठी, मित्रांत आणि बाजारात निम्मं कन्नड, आणि मोठ्यानं विचार करायचा तो इंग्रजीत. वॉक-इन, म्हणजे थेट जाऊन द्यायची मुलाखत, असेल तर रात्रीची बस पकडून, न झोपता, बेंगळुरूला सकाळी पावडर-कंगवा करून दारात उभं राहायचं. झोपमोडीचा फटकाही याच कार्यस्मृतीला बसतो.

थोडा हिशेबही बघू, १३ च्या वजाबाकीपेक्षा सोपा. समजा एका मुलाखतीत निवड होण्याची शक्यता दहात एक आहे. अगदी सारख्या कुवतीच्या १०० मुलांनी प्रत्येकी १० मुलाखती दिल्या, तर साधारण ३५ जणांना दहाच्या दहा नकार मिळतील. वीस दिल्या तरी १२ जण तसेच राहतील. त्या बारांत आणि उरलेल्या अठ्ठ्याऐंशींत कुवतीचा फरक शून्य, तो आपणच गृहीत धरलाय. गल्लीत मात्र त्या बारांना 'याचं काही खरं नाही' हेच ऐकावं लागतं. खऱ्या जगात कुवत सारखी नसते, हे मान्य. पण निवडपद्धतींवरच्या संशोधनात अगदी नीट आखलेल्या मुलाखतीचा आणि पुढच्या प्रत्यक्ष कामाचा सहसंबंध ०.४ च्या आसपास येतो (तंतोतंत जुळलं तर तो १ असतो). त्याचा वर्ग केला तर पाचव्या हिश्शापेक्षाही कमी फरक मुलाखतीतून कळतो.

एवढं कळूनही मन मानत नाही. १९७८ साली अ‍ॅब्रमसन, सेलिगमन आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी अपयशाची कारणं माणूस कशी लावतो याची मांडणी केली. 'आजचा प्रश्न अवघड होता' म्हणणारा सावरतो. 'माझ्यातच खोट आहे, ती कायमची आहे आणि सगळ्यातच आहे' म्हणणारा नैराश्याकडं सरकतो. कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज कुणाच्या तरी पॅकेजचा आकडा पडतो, नापास झालेला कुणीही तिथं आपला आकडा टाकत नाही. हे वाचत बसलेल्याला 'माझ्यातच खोट आहे' याखेरीज वेगळं कारण सुचणार कसं?

सेलिगमन यांचं नाव मुळात गाजलं ते १९६७ मधल्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांमुळं. ते आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना चुकवता न येणारे शॉक दिले (आज अशा प्रयोगाला परवानगी मिळणं कठीण, आणि ते बरंच आहे). नंतर बुटक्या आडोशावरून उडी मारून सहज सुटता येत होतं, तरी त्यातली बरीच कुत्री जागची हलली नाहीत. यातून 'शिकलेली असहायता' ही कल्पना पाठ्यपुस्तकांत गेली. गंमत पुढं आहे. मायर यांनी नंतर उंदरांच्या मेंदूचा अभ्यास करण्यात काही दशकं घालवली, आणि २०१६ साली दोघांनी मिळून लिहिलं की आपली मूळ कल्पना उलटी होती. त्रास लांबला की हातपाय गाळणं हीच मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे. मेंदूच्या देठातल्या एका केंद्रातून ती आपोआप चालू होते, ती शिकावी लागत नाही. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट, आपल्या करण्यानं काहीतरी बदलतंय ही. ती कळली की प्रीफ्रंटल भाग त्या खालच्या केंद्राला लगाम घालतो.

उंदरांवरून माणसाकडं एका उडीत येऊ नये. तरी या निष्कर्षानं माझं एक मत पक्कं झालं. सातव्या नकारानंतर अंथरुणात पडून असलेल्या मुलाला 'मनावर घेऊ नकोस', 'पॉझिटिव्ह राहा' सांगण्यात अर्थ नाही, आणि त्याला आळशी म्हणणं तर साफ चुकीचं आहे. त्याच्या हातून काहीतरी घडावं लागतं, मग ते कितीही लहान असो.

त्यासाठी दिवसाला आकार हवा, आणि रिकामपणात नेमका तोच जातो. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी बंद पडली, तेव्हा मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाचा अभ्यास केला. लोकांकडं आता वेळच वेळ होता, वाचनालयाची फीही माफ झाली होती, तरी पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं. पुरुष रस्त्यानं हळू चालायला लागले, मध्येच थांबायला लागले. 'दिवसभर मोकळाच तर असतोस, अभ्यास का होत नाही?' असं विचारणाऱ्या काकांना हे गाव दाखवायला हवं.

उपायांचा सगळ्यात भक्कम पुरावा आपल्याला चोर्ला घाट उतरला की मिळतो. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र ते अतितीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक उपचार तपासला. देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे लोक होते. सहा ते आठ बैठकींचं काम. ज्या गोष्टींनी पूर्वी बरं वाटायचं त्या शोधायच्या, वेळ ठरवून पुन्हा करायच्या, काय घडलं ते लिहून ठेवायचं, आणि अडलेला प्रश्न लहान करून सोडवायचा. मन लागेल तेव्हा करू असं म्हणायचं नाही. आधी करायचं, मन मागून येतं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के नैराश्याच्या बाहेर होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के. हे निकाल २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. आपल्या मुलाच्या बाबतीत हे असं दिसेल: सकाळी सातला व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली एक फेरी, दहा ते बारा वाचनालयात दोनच प्रश्न, संध्याकाळी मित्राच्या भावाला सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणं. शेवटचं फुकट वाटतं, पण आपल्याला येतं याचा पुरावा तिथं रोज मिळतो.

दुसरा प्रयोग लहान, पण विषयाच्या अगदी जवळचा. १९९४ साली मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्युटर कंपनीतून काढून टाकलेल्या इंजिनिअरांना सलग पाच दिवस रोज वीस मिनिटं नोकरी जाण्याबद्दल मनात येईल ते लिहायला सांगितलं. काहीच न लिहिणाऱ्यांपेक्षा आणि रोजचं वेळापत्रक लिहिणाऱ्यांपेक्षा या लोकांना पुढच्या महिन्यांत लवकर नोकऱ्या लागल्या. अर्ज त्यांनी जास्त केले नव्हते. मनातला राग कागदावर उतरल्यामुळं तो मुलाखतीत कमी डोकावला असावा, असा अंदाज आहे. मी हा उपाय हमखास म्हणणार नाही. वही आणि पेन लागतं, करून बघायला हरकत नाही.

आणि मॉक, म्हणजे सरावाची, मुलाखत. ट्रियरची चाचणी त्याच माणसाला पुन्हा पुन्हा दिली की बहुतेकांचं कॉर्टिसॉल पहिल्याइतकं चढत नाही. म्हणून एकट्यानं शंभर प्रश्न सोडवण्यापेक्षा मित्राला समोर बसवून, त्याला मुद्दाम गप्प राहायला सांगून, मोडक्या इंग्रजीत बोलत थोडे प्रश्न सोडवलेले बरे. मित्राला कोडिंग नाही आलं तरी चालेल. गप्प बसता यायला हवं.

हे सगळं उदासीपुरतं. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, जोडीला झोप-भूक बिघडली असेल, जेवताना ताटावरून उठून जाणं वाढलं असेल, तर त्याला आजार समजून डॉक्टरकडं न्यावं. जगण्यात अर्थ नाही असं बोलणं निघालं तर दोन आठवडेही थांबायचं नाही, आणि त्याला एकटं सोडायचं नाही. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, डिमहान्स, दीड-दोन तासांवर आहे. 'वेड्यांचं हॉस्पिटल' या जुन्या ओळखीपायी लोक तिथं जायला कचरतात, पण ओपीडीच्या रांगेत कॉलेजची सॅक पाठीला लावलेली पोरंही असतात.

डॉक्टर थायरॉईड तपासायला सांगतील, कारण ते बिघडलं तरी असंच वाटतं. गोळ्या दिल्याच तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून त्या आपल्या मनानं बंद करायच्या नसतात. मधल्या काळात एखादी मुलाखत आली, तर तब्येतीचं कारण देऊन एचआरकडं दुसरी तारीख मागता येते. मेल दोन ओळींचा असतो, आणि तो घरातलं दुसरं कुणीही टाईप करून देऊ शकतं.