फलकावरचा तिसरा रकाना

मराठवाड्यातल्या जुन्या कॉलेजात इतिहास विभागाच्या दारापाशी प्राध्यापकांच्या नावांचा फलक असतो. नाव, पदवी आणि तिसऱ्या रकान्यात ‘विशेष अभ्यास’. चार-पाच कॉलेजांचे फलक वाचले की तेच शब्द पुन्हा भेटू लागतात: लेणी व मूर्तिशास्त्र, यादवकाळ, हैदराबाद मुक्तिसंग्राम, आंबेडकरी चळवळ. पुण्यात ज्यांची रेलचेल, ते पेशवाईचे अभ्यासक इथे शोधावे लागतात. ही काही नुसती आवडीनिवडीची गोष्ट नाही. कागद कुठे पडले आणि कुठल्या भाषेत पडले, यावर या रकान्यातला बराचसा मजकूर ठरला आहे.

पेशवे दफ्तर पुण्यात. मराठवाडा १७२४ पासून १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे इथला सरकारी कागद हैदराबादला गेला. औरंगजेबाच्या दख्खनच्या कारभाराची फारसी कागदपत्रं आजही हैदराबादच्या तारनाक्यावरच्या अभिलेखागारात आहेत. आता अंबाजोगाईच्या किंवा उदगीरच्या प्राध्यापकाने कॉलेज सांभाळून तिथे किती दिवस राहायचं, आणि फारसी शिकायची कोणाकडे?

एके काळी हा प्रश्न नव्हता. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, शिक्षणाचं माध्यम उर्दू. औरंगाबादचं सरकारी कॉलेज १९२३ चं, तेही त्याच छत्राखाली. उस्मानियात हारून खान शेरवानींनी बहामनी राजवटीवर आणि युसूफ हुसेन खान यांनी पहिल्या निजामावर काम केलं. लेण्यांकडे राज्याचं पुरातत्त्व खातं बघे. गुलाम याझदानींचे अजिंठ्याचे खंड त्यातूनच आले. पोलीस कारवाईनंतर उर्दू माध्यम गेलं आणि पुढच्या पिढीच्या हातून ती कागदपत्रंही सुटली. मला विचाराल तर या प्रदेशाच्या इतिहासलेखनाचं सर्वांत मोठं नुकसान हेच. अपवाद निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी. भीमसेन सक्सेना, खाफीखान या मोगलकालीन इतिहासकारांची फारसी त्यांनी मराठीत आणली. पण ते प्राध्यापक नव्हते, हैदराबाद संस्थानच्या नोकरीतले अधिकारी होते.

२३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं तेव्हा मग हाताशी काय होतं? दगड. वेरूळ, अजिंठा, पितळखोरा; औंढा, होट्टल, निलंगा इथली देवळं; शेताच्या बांधावरचे वीरगळ आणि गद्धेगाळ, म्हणजे गाढवाचं चित्र कोरलेले शापाचे दगड. शिलालेख वाचायला हैदराबादची गाडी पकडावी लागत नाही. ठसा घ्यायला कागद, पाणी, शाई आणि ब्रश पुरतो, शिवाय एक विद्यार्थी, जो सकाळी शेंदूर खरवडायची परवानगी पुजाऱ्याकडून मिळवेल. (हे शेवटचं काम सगळ्यांत अवघड.) विद्यापीठात रमेश शंकर गुप्ते यांनी लेणी आणि मूर्तिशास्त्र हा विषय रुजवला. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं, शां. भा. देव आणि गुप्ते यांच्या देखरेखीखाली. तिथे हस्तिदंताची स्त्रीमूर्ती मिळाली. तशीच एक तेरला, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या वस्तुसंग्रहालयात आहे. आणि याच घडणीची तिसरी इटलीत, इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईत सापडली. भोकरदनच्या एसटी स्टँडवर उभं राहून हे आठवलं तर हसू येतं, पण भोगवर्धन (भोकरदन) आणि तगर (तेर) ही सातवाहनांच्या व्यापारी वाटेवरची गावं होती. यादवकाळाचं आकर्षण तर सरळच आहे. देवगिरी इथली, आणि महानुभावांचं गद्य गोदाकाठच्या गावांनी भरलेलं.

मुक्तिसंग्राम या रकान्यात उशिरा आला. वंदे मातरम् चळवळीत १९३८ साली कॉलेजातून काढलेली पोरं पुढे स्वतःच सार्वजनिक जीवनात होती. तो इतिहास नव्हता, घरातली आठवण होती. त्याचं मोठं लेखन केलं पत्रकार अनंत भालेरावांनी. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात इतिहासावर सर्वांत धारदार बोलणारे नरहर कुरुंदकर मराठी शिकवायचे. इतिहास विभाग टेपरेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्या स्वातंत्र्यसैनिकांच्या ओसरीवर पोचले तोवर बरेच जण गेले होते. पुढे तालुकावार प्रबंधांची लाट आली. त्यांतले काही एकाच साच्यातले, हेही खरं.

आंबेडकरी चळवळीचा अभ्यास नागसेनवनात उगवला. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढचं मिलिंद. तिथून शिकलेल्यांची मुलं संशोधक झाली तेव्हा विषय समोर उभा होता: मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा २७ जुलै १९७८ चा नामांतराचा ठराव, त्यानंतरची जाळपोळ आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार. इथे साधनं अभिलेखागारात नाहीत. पत्रकं, जलशांच्या वह्या आणि घरोघरच्या ट्रंका हेच दप्तर.

सप्टेंबर २०२३ नंतर मात्र फलकाकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले. मराठा आरक्षणासाठी निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला शासनाने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि मोडी, उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. इतिहासवाले सर म्हणजे जुनं सगळं वाचता येणारे सर, असा गावात समज. मग मूर्तिशास्त्रावर पीएच.डी. केलेल्या माणसाच्या व्हॉट्सॲपवर खासरा पत्रकाचा, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीचा, तिरका फोटो येऊन पडतो. कडा वाळवीने खाल्लेल्या, जातीच्या रकान्यात एक अर्धवट पुसलेलं अक्षर. खाली मेसेज: ‘सर, हे कु आहे का बघा, उद्या तहसीलला जायचंय.’